घाटात पद्मिनीचे नाक बाहेर का जाते?

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९८४ साली नवी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे अजून आहे आणि मी ती नियमित चालवतो. गेल्या वर्षी इंजिनाचे काम करून घेतले, ते उत्तम झाले. मात्र कुंभार्ली घाटातून कराडकडे जाताना वळणावर गाडी फार कलते, पावसात पुढची चाके वळण सोडून बाहेर सरकतात, ब्रेक लावला की गाडी किंचित डावीकडे ओढते आणि खड्ड्यात पुढून ठक्क असा आवाज येतो. गावातल्या गॅरेजमध्ये पुढच्या स्प्रिंगांचा दीड वेढा कापून गाडी खाली बसवावी आणि रुंद टायर घालावेत असे सुचवले आहे. पुण्याचा एक मित्र पुढचा सगळा सांगाडाच एखाद्या नव्या गाडीचा बसवून घे म्हणतो. गणपतीला मुंबईची मंडळी येतात तेव्हा त्यांना आणायला-सोडायला हीच गाडी असते. काय करावे?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात चार तक्रारी आहेत आणि त्या चारींवर आपल्याला एकच औषध सुचवले गेले आहे, ते म्हणजे गाडी खाली बसवणे. माझे मत आधीच सांगतो. स्प्रिंग कापू नका. चाळीस वर्षे वापरलेल्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन आधी मूळ स्थितीत आणा, मग ती घाटात कशी चालते ते पाहा आणि त्यानंतर जो दोष उरेल तेवढ्यापुरताच बदल करा. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून आपण जी गाडी अनुभवली असेल, ती आणि आजची गाडी यांत फरक आहे तो झिजलेल्या एक-दोन मिलिमीटरचा. पण ती झीज सात-आठ ठिकाणी आहे आणि स्टिअरिंगपर्यंत पोहोचेपर्यंत तिची बेरीज झालेली असते.

पद्मिनीचा मूळ आराखडा कच्चा नाही, हे आधी लक्षात घ्यावे. इटलीत १९५३ साली आलेल्या फियाट ११०० च्या घराण्यातली ही गाडी. पुढे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन विशबोन म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारे बिजागरीसारखे हात, कॉइल स्प्रिंग, टेलिस्कोपिक शॉक अॅब्सॉर्बर म्हणजे आपला शॉकअप, आणि दोन्ही बाजूंना जोडून कलणे रोखणारा अँटी-रोल बार, ज्याला गॅरेजात स्टॅबिलायझर म्हणतात. मागे सलग अॅक्सल आणि पाटे. इंजिन १०८९ सीसीचे आणि वजन सुमारे ९०० किलो. इतक्या हलक्या गाडीला ही मांडणी पुरेशी आहे आणि ती नीट असेल तर पद्मिनी घाटात शहाण्यासारखी वळते.

आता आपल्या तक्रारींपैकी दोन आपण एकत्र बांधल्या आहेत, त्या मला आधी सोडवाव्याशा वाटतात. गाडीचे कलणे ही एक गोष्ट आणि पुढच्या चाकांचे बाहेर सरकणे ही दुसरी. कलणे डोळ्यांना दिसते, अंगाला जाणवते, मागे बसलेल्या माणसाला मळमळते, म्हणून आपण त्यालाच मुख्य दोष समजतो. सरकण्याचा संबंध मात्र टायरची रस्त्यावरची पकड, चाकाचा कोन आणि खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला किती चिकटून राहतो याच्याशी असतो. खूप कलणारी गाडीसुद्धा रस्ता घट्ट धरू शकते आणि अजिबात न कलणारी गाडी ओल्या वळणावर सरळ दरीकडे जाऊ शकते. कलणे कमी करण्याचे काही उपाय तर सरकणे वाढवतात. त्याबद्दल पुढे येईलच.

प्रथम तपासणी. यासाठी गॅरेजची गरज नाही, घरापुढचे खळे, जॅक, दोन मजबूत स्टँड आणि एक मदतनीस पुरे. एक विनंती कळकळीने करतो : गाडी जांभ्याच्या चिऱ्यावर टेकवू नका. आपल्याकडे चिरा हाताशी असतो म्हणून सर्रास वापरला जातो, पण जांभा सच्छिद्र आणि मऊ दगड आहे, एका कोपऱ्यावर भार आला की तो आधी काहीही न सांगता फुटतो. खाली माणूस असताना लोखंडी स्टँडच हवेत.

पुढचे एक चाक जमिनीपासून सुटेल इतके उचला. एक हात टायरच्या माथ्यावर, दुसरा तळाशी ठेवा आणि आळीपाळीने आत-बाहेर ढकला. हाताला खट्-खट् लागले तर प्ले म्हणजे ढिलाई आहे, पण तो कुठला हे अजून कळलेले नाही. आता मदतनिसाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा तसेच हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर ढिलाई व्हील बेअरिंगची होती, कारण ब्रेकने ड्रम आणि त्यामागची प्लेट एकत्र बांधली गेली. ब्रेक दाबूनही खटखट तशीच राहिली तर किंगपिन (ज्या उभ्या पिनेभोवती चाक वळते ती) किंवा त्याचे बुश (ती पिन ज्यात फिरते ते अस्तर) गेले आहेत. या एका साध्या खुणेने कितीतरी लोकांचे नाहक बदललेले बेअरिंग वाचले असते. मग हात डाव्या-उजव्या बाजूंना ठेवून तसेच हलवा. तिथे लागणारा प्ले टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या टोकांचा, त्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणाऱ्या आयडलर आर्मच्या बुशचा किंवा स्टिअरिंग बॉक्सचा असतो. मदतनिसाला एकेका सांध्यावर बोट टेकवून ठेवायला सांगितले की कोणता सांधा उशिरा हलतो ते बोटालाच कळते. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून प्ले काढण्याचा मोह टाळा, कारण बॉक्स मधल्या जागी सर्वांत जास्त झिजलेला असतो, आणि तिथला प्ले जाईपर्यंत आवळले की पूर्ण वळणावर तो अडकतो. आधी बाकीचे सांधे, बॉक्स शेवटी.

किंगपिन बदलायची वेळ आली तर मुंबईहून किट मागवावे लागेल. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, पण ज्या हातांनी ती टॅक्सी वर्षानुवर्षे चालती ठेवली ते कारागीर अजून आहेत आणि त्यांना हे काम अंगवळणी पडलेले आहे. किटमधले नवे बुश ठोकून बसवल्यावर त्यांना रीमर या भोक कातणाऱ्या हत्याराने नेमक्या मापाला आणावे लागते. पिन हाताच्या अंगठ्याने सरकेल पण डुगडुगणार नाही असे ते माप असते. पॉलिश पेपर घासून बुश मोठे करणाऱ्याकडे काम देऊ नका. नंतर ग्रीस भरताना चाक उचललेले असावे, म्हणजे भाराखालची दबलेली फट उघडते आणि ग्रीस सगळीकडे पोहोचते. आपल्या हवेत हे पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा करावेच, कारण किंगपिन झिजण्यापेक्षा आत पाणी शिरून गंजल्याने लवकर जातात.

गंजाचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवतो, कारण कोकणात सस्पेन्शनची कोणतीही गोष्ट याच्यापुढे दुय्यम आहे. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. म्हणजे विशबोन ज्या पत्र्यांना आणि क्रॉस-मेंबरला (पुढच्या आडव्या तुळईला) बोल्टने धरलेले आहेत तो पत्राच कुजला असेल तर वरचे सगळे नवे सामान वाळूत रोवलेल्या खुंटासारखे आहे. आपल्याकडे लाल माती चिखल होऊन मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यांत बसते, तिच्यात समुद्रावरची खारी दमट हवा मुरते आणि बाहेरून रंग शाबूत दिसत असताना आतून पत्रा जातो. चिखल काढून, पाण्याने धुऊन, वाळू द्या आणि मग लहान हातोडीने प्रत्येक माउंटिंगच्या आसपास टकटक करा. घट्ट पत्रा टणक वाजतो, कुजलेला बद्द वाजतो, आणि जाड स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर शिरलाच तर पुढचे सर्व बेत तिथेच थांबवून आधी पत्र्याचे काम करून घ्या. गंजावर काळे अंडरकोटिंग फासणे हा उपाय नव्हे, त्याने ओल आत कोंडते. आणि एरवी, समुद्रालगतच्या रस्त्याने फिरून आलात की खालून गोड्या पाण्याने धुण्याची सवय लावून घ्या.

ठक्क आवाजाचे कारण बहुधा विशबोनचे बुश, शॉकअपची टोके किंवा अँटी-रोल बारचे रबर यांपैकी एकात सापडेल. इथे एक बारकावा आहे, जो चांगले मिस्त्रीही घाईत विसरतात. रबरी बुश पिळून काम करतो. त्याचा आतला नळकांडा बोल्टने घट्ट धरलेला असतो आणि विशबोन वर-खाली झाला की मधले रबर पिळले जाते. गाडी उचललेली, चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर ती लोंबकळती स्थिती रबराची मूळ स्थिती ठरते, आणि गाडी जमिनीवर उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते. असे बुश काही महिन्यांत फाटतात आणि मालक सामान नकली निघाले म्हणून दुकानदाराला दोष देतो. म्हणून बोल्ट हलके लावून गाडी चाकांवर उतरवा, पुढे दोन माणसे बसवा, गाडी चार वेळा दाबून सोडा आणि मग आवळा. पॉलियुरेथेनचे कडक बुश हल्ली मिळतात. ते वळणावर चाकाचा कोन जास्त नेमका राखतात, पण वेळोवेळी वंगण मागतात आणि रस्त्याचा प्रत्येक खडा आत आणून पोहोचवतात. आपल्या रस्त्यांवर घरच्या गाडीला मी चांगले रबरच सुचवेन. फक्त अँटी-रोल बारच्या बुशला कडक पॉलियुरेथेन चालते, कारण तिथे ढिलाई असली की गाडी थोडी कलून झाल्यावरच बार कामाला लागतो, तोवर तो असून नसल्यासारखा.

शॉकअप दोन्ही एकदम बदला. गाडीचा एक कोपरा दाबून सोडल्यावर ती एकदा वर येऊन स्थिर व्हायला हवी. दुसऱ्यांदा झुलली तर शॉकअप गेला. दुसऱ्या गाडीचे गॅसवाले शॉकअप बसवता येतात, पण दोन मापे नीट घ्या. पूर्ण दाबलेला शॉकअप सस्पेन्शनचा रबरी ठोकळा टेकण्याआधी तळाला लागता कामा नये आणि पूर्ण ताणलेला शॉकअप चाकाला लोंबकळत धरणारा शेवटचा आधार बनता कामा नये. ओल्या वळणावर पुढची चाके सरकण्यामागे मरगळलेले शॉकअप हे फार मोठे कारण असते, कारण खडबडीत डांबरावर टायर क्षणाक्षणाला उसळतो आणि उसळलेल्या टायरला पकड नसते.

टायरकडे वळू. आपल्या टायरच्या बाजूवर छोट्या चौकटीत चार आकडे असतील. २३१६ असेल तर तो २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. कमी चालणाऱ्या जुन्या गाडीचे टायर नक्षी शिल्लक असतानाच वयाने कडक होतात आणि कडक रबर ओल्या घाटात काचेसारखे वागते. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. आपल्या पावसात मी ३ मिलिमीटरला टायर उतरवतो. चारही टायर एकाच जातीचे रेडियल घ्या, पुढे रेडियल आणि मागे जुने नायलॉन असा मेळ तर मुळीच नको, त्याने आता पुढे सरकणारी गाडी उद्या मागून फिरेल. आपल्याकडे पैसा मोजका असेल तर पहिला खर्च याच्यावरच करा. रुंद टायरबद्दल मात्र माझा नकार आहे. तेवढ्याच वजनाखाली टायर रुंद झाला की तो साचलेले पाणी कापण्याऐवजी त्याच्यावर तरंगू लागतो, पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीला खळ्यात वळवणे जड होते, आणि रिम बाहेर आली की किंगपिन व बेअरिंगवर पडणारी तरफ वाढते, म्हणजे नुकतेच केलेले काम पुन्हा निघते.

आता स्प्रिंग कापण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण हा सल्ला देणारा वाईट हेतूने देत नाही आणि त्यात अर्धे सत्य आहे. वेढा कापला की स्प्रिंग ताठ होते हे खरे. कामाचे वेढे आठ धरले आणि दीड कापले तर उरलेले साडेसहा, म्हणजे ताठपणा सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. गाडी खाली येते, वजनाचा मध्य खाली येतो, हेही खरे. त्याचा लाभ किती ते हिशेबाने पाहू. ९०० किलोची गाडी, दोन चाकांमधले अंतर सव्वा मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर धरला आणि वळणाचा बाहेरचा ओढा वजनाच्या चार दशांश धरला, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे १४४ किलो भार सरकतो. गाडी ४ सेंटिमीटर खाली बसवली की हा आकडा १३२ होतो. बारा किलोचा फायदा. त्यासाठी मोजलेली किंमत पाहा.

स्प्रिंग दबून रबरी ठोकळ्यावर टेकेपर्यंत चाकाला जेवढी जागा असते, तिच्यातला मोठा हिस्सा ते ४ सेंटिमीटर आधीच खाऊन टाकतात. भरलेली गाडी वळणात झुकली आणि तिथेच खड्डा आला की बाहेरचा ठोकळा टेकतो. त्या क्षणी ते चाक दगडासारखे ताठ होते, टायरवर भाराचा धक्का बसतो आणि पुढचा भाग एकाएकी सुटतो. हळूहळू सरकणारी गाडी सावरता येते, अशी तडकाफडकी सुटणारी येत नाही. दुसरे म्हणजे विशबोनची भूमिती. खालचा विशबोन चाकाकडे वर चढता झाला की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू वजनाच्या मध्यापेक्षाही जास्त खाली उतरतो. दोहोंमधले अंतर वाढते आणि गाडीला कलवणारी तरफ लांबते, म्हणजे ताठ स्प्रिंगने जे कमावले त्यातले बरेचसे इथे गमावले जाते. तिसरे, टाय रॉडचा कोनही बदलतो, त्यामुळे चाक वर-खाली होताना स्वतःहून थोडे वळू लागते आणि खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग हातात कुजबुजत राहते. आणि चौथे, कापलेले टोक स्प्रिंगच्या खाचेत नीट बसत नाही. चाक पूर्ण लोंबकळले की आखूड स्प्रिंग जागेवरून हलू शकते. कापताना गॅसकटरची आच लागली असेल तर त्या वेढ्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कस, उतरते आणि तो पुढे तिथूनच मोडतो.

काही वर्षांपूर्वी दापोलीकडचे एक गृहस्थ अशी कापलेली पद्मिनी माझ्याकडे घेऊन आले होते. दाभोळहून धोपाव्याला जायला ती फेरीबोटीच्या फळीवर चढवताना पुढचा क्रॉस-मेंबर लोखंडावर घासला होता, आणि माणसे भरलेली असताना प्रत्येक वेळी घासत होता. गाडी खाली घेऊन पाहिली तेव्हा खालचे बोल्ट घासून चपटे झालेले होते, पाना लागेना. आपणही त्याच खाडीच्या अलीकडे राहता आणि जयगडकडे जायला तवसाळची फेरीबोट घेत असालच, म्हणून हे सांगतो. ती गाडी मी मूळ उंचीच्या स्प्रिंगांवर परत नेली, बुश आणि शॉकअप बदलले, आणि मालकांनी तिला पुन्हा खाली बसवण्याचा विषय काढला नाही.

आपल्या स्प्रिंग खरोखरच थकल्या असतील तर त्या बदलाव्या लागतील. सपाट जागी दोन्ही बाजूंची उंची मोजा. चालकाची बाजू दुसरीपेक्षा सेंटिमीटरभर खाली असेल तर जोडी बदला. स्प्रिंग बनवणाऱ्याकडून करून घेणार असाल तर मूळ उंची राखून तार किंचित जाड मागा. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो, त्यामुळे तार केवळ पाच टक्के जाड केली तरी स्प्रिंग सुमारे २२ टक्के ताठ होते. कापून जेवढा ताठपणा मिळणार होता जवळपास तेवढाच इथे मिळतो आणि चाकाची चाल शाबूत राहते. स्प्रिंग उतरवताना नेमके कंप्रेसर आणि साखळी वापरणाऱ्याकडेच जा. दोरीने बांधून स्प्रिंग काढणारे मी पाहिले आहेत. सुटलेली स्प्रिंग माणूस मारते.

एवढे झाले की चाकांचे कोन. अलाइनमेंटच्या दुकानातल्या संगणकात पद्मिनीची मापे बहुधा नसतील, तेव्हा छापील पुस्तकातली मापे घेऊन जा किंवा घरीच मोजा. गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी घेऊन चारही चाकांखालची जागा एका पातळीत आहे ना ते पाहा, नसेल तर खाली फरशीचे तुकडे सरकवा. ओळंबा मडगार्डवरून सोडून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीचे अंतर मोजा. चौदा इंची रिमवर एक अंश म्हणजे सुमारे साडेसहा मिलिमीटर, हे लक्षात ठेवले की साध्या पट्टीनेही कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, पुरेसा अचूक कळतो. जुन्या गाड्यांची चाके वरून थोडी बाहेर झुकलेली ठेवण्याचा प्रघात होता, तो त्या काळच्या टायरांसाठी. रेडियलवर ती शून्याला किंवा अर्धा अंश आत आणली तर वळणात बाहेरचा टायर पूर्ण रुंदीने टेकतो आणि आपल्या पुढच्या सरकण्यावर याचा उपयोग मला सर्वांत जास्त आढळला आहे. मात्र दोन्ही बाजू अगदी सारख्या हव्यात. टो-इन, म्हणजे दोन्ही चाके पुढून आत किती वळलेली आहेत ते, मोजायला चाक उचलून फिरवत टायरच्या मधोमध खडूची बारीक रेघ मारा, गाडी उतरवून चार-पाच मीटर पुढे ढकला, आणि हबच्या उंचीला दोन रेघांमधले अंतर पुढून आणि मागून मोजा. पुढचे माप एक ते दोन मिलिमीटर कमी असले की रेडियलला ठीक.

यानंतरही गाडी जास्त कलते असे वाटले तरच जाड अँटी-रोल बारचा विचार करा, आणि तोही बेताने. इथेही चौथा घात लागू होतो : १६ मिलिमीटरचा बार १८ चा केला तर तो ६० टक्के ताठ होतो. गाडी कमी कलेल, बसणाऱ्यांना बरे वाटेल. पण पुढचा बार ताठ केला की वळणात सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा पुढच्या बाहेरच्या टायरवर येतो आणि पुढची चाके अधिक लवकर सरकतात. मी वर म्हटले होते ते हेच. आपली खरी अडचण सरकण्याची असताना कलण्यावर औषध दिले तर पावसातला धोका वाढेल, म्हणून हा बदल सर्वांत शेवटी, आणि एका वेळी दोन मिलिमीटरपलीकडे नको.

ब्रेकचे डावीकडे ओढणे. गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक चांगला लागतो आहे, म्हणून दोष बहुधा उजव्या ड्रममध्ये शोधावा लागेल : अडकलेला व्हील सिलिंडर, शूवर पाझरलेले ब्रेक ऑइल किंवा हबचे ग्रीस. डाव्या विशबोनचा बुश फाटलेला असला तरी ब्रेकखाली ते चाक मागे सरकून असाच ओढा देते, त्यामुळे बुश बदलल्यावर पुन्हा पाहा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, ते दर दोन वर्षांनी बदला. पुढे डिस्क बसवण्याचा विचार असेल तर मास्टर सिलिंडर आणि त्यातला ड्रमसाठीचा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह यांचाही मेळ घालावा लागतो, केवळ चकती आणि कॅलिपर बसवून भागत नाही. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये उतरत असाल तर चांगल्या स्थितीतले ड्रम आपल्याला पुरतील.

मित्राची सूचना मात्र मी ठामपणे नाकारतो. बॉडीच चासी असलेल्या गाडीचा पुढचा भाग कापून दुसऱ्या गाडीचा क्रॉस-मेंबर वेल्ड करणे म्हणजे त्या पत्र्यावर त्याने कधी न पाहिलेल्या दिशेचा भार टाकणे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध केलेले बदल चालत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. आपल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाते, तेव्हा ती तपासली जाते. अपघात झालाच तर विमा कंपनीही हा प्रश्न विचारेल. आणखी एक गोष्ट आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. आपली गाडी २०३४ साली त्या वयाला पोहोचेल. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग, झिजलेला असला तरी, तेल लावून, नाव लिहून माळ्यावर ठेवा.

काम एका दमात करून घेऊ नका. टायर आणि हवा, मग किंगपिन व सांधे, मग बुश आणि शॉकअप, मग कोन. प्रत्येक टप्प्यानंतर कोरड्या सकाळी, रहदारी नसताना, तेच ठरलेले वळण ताशी ३०-४० च्या वेगाने घ्या आणि काय बदलले ते वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झाले ते कधीच कळत नाही. गणपतीला थोडेच दिवस उरले असतील तर या वर्षी टायर, किंगपिन आणि ब्रेक एवढेच उरका, बाकीचे दिवाळीनंतर. काम झाल्यावर ५०० किलोमीटरने सस्पेन्शनचे सगळे बोल्ट एकदा पुन्हा पान्याने तपासा, आणि दोन्ही बाजूंचा कॅम्बर, टो-इन आणि पुढची उंची ही मापे मला कळवा. त्यावरून जाड बार लागेल की नाही ते सांगता येईल.